पाताळवेध जहाजावरील द्वारकाबाईंचे वर्तमान

॥ श्री ॥ जळाखाली जी धरित्री कोणाच्या दृष्टीस न पडता निजली आहे तिजला, आणि जळावर जे पोटासाठी हिंडतात त्यांच्या राखणदारास नमन करोन हे वर्तमान लिहिले असे. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुख नाम संवत्सर, कार्तिक मास, शुद्ध पक्ष. राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही, सबब लिहिले नाही. जे घडले ते जहाजावरील माणसांच्या तोंडोन ऐकिले तैसे लिहिले आहे.

त्या राज्यात दरबाराने एक थोर जहाज बांधिले, त्याचे नाव पाताळवेध. जहाजाच्या मध्यभागी लोखंडी मनोरा, आणि त्या मनोऱ्यातून नळास नळ जोडीत सवा कोस पाणी ओलांडोन समुद्राच्या तळास भोक पाडावे, आणि तेथील माती लांब कांडीसारखी अखंड वर काढावी, तिजला गाभा म्हणत. गाभ्यातील एकेक थर वाचोन शास्त्री मंडळी सांगत की लक्ष वर्षांमागे पाऊस किती पडत होता आणि समुद्र कोठवर चढला होता. इतक्या खोल पाण्यात नांगर पोहोचत नाही. म्हणोन जहाजाच्या पोटाखाली बारा पंखे अष्टौप्रहर फिरवोन जहाज भोकावर नेमके उभे धरावे लागे. जहाज जागचे सरकले तर नळ वाके, फार सरकले तर मोडे, आणि मोडला नळ वर उसळला तर मनोऱ्याखालील माणूस वाचत नसे. मग दरबारी मसलत जाहली की इतके ज्ञान जहाजातच राहिले तर रयतेस काय लाभ, लेकरांस कळले पाहिजे. सबब प्रत्येक सफरीस एक शिक्षक जहाजावर न्यावा, आणि त्याने पडद्यावर दिसोन गावोगावच्या शाळांतील मुलांस तेथून शिकवावे. ऐसा ठराव होऊन अर्ज मागविले.

खारवाडी बंदराच्या शाळेत द्वारकाबाई शेंडगे नामे शिक्षिका होत्या. बाई मूळच्या घाटावरील कोरड्या मुलुखातील, मेंढपाळाची लेक. ज्या गावी पाणी टँकरने येत असे तेथे वाढल्या, आणि नोकरीने समुद्रकाठी आणोन टाकिले. आठ वर्षे बंदरात राहिल्या, परंतु घोट्याच्या वर पाण्यात कधी गेल्या नाहीत. भरतीची लाट पायास लागली की मागे सरत, आणि कोळ्यांची पोरे हसत. परंतु त्याच पोरांनी एके दिवशी वर्गात पुसले की, "बाई, आमचे बाबा जाळं टाकतात त्याच्याही खाली काय असतं?" बाईंस उत्तर देता आले नाही. पुस्तकात पाहिले तो दोन ओळी. ते त्यांच्या मनास फार लागले, आणि तीन दिवस विचार करोन त्यांनी अर्ज लिहिला. आपली निवड काही होत नाही या भरवशावरच अर्ज टाकिला होता. निवड जाहली. खलिता हाती आला ते दिवशी बाईंस ताप भरला.

निघते वेळी धक्क्यावर हिराबाई भेटली. ही जोमा तांडेलाची बायको. जोमा आपल्या बोटीचा मुखत्यार, आणि त्यांची लेक रेवती बाईंच्या वर्गात होती. हिराबाई टोपली खाली ठेवोन म्हणाली, "बाई, तुम्ही घोटाभर पाण्यात किंचाळता, आणि तिकडे दोन महिने राहणार?"

"राहते. काय होईल ते होईल."

"उलटी झाली तर आलं चघळा. आणि भिंतीकडे बघू नका, लांब बघा." इतके सांगोन तिने टोपली उचलली.

जहाजावर गेल्यावर बाईंची अवस्था लिहिता येत नाही. पहिले चार दिवस अन्न पोटात ठरले नाही, आणि पुढे ठरले तरी भय ठरले नाही. जेवताना, लिहिताना, केस विंचरतानाही त्यांस आठवण राही की या लोखंडी पत्र्याखाली सवा कोस पाणी आहे. निजतानाही जीवरक्षक जाकीट अंगातून काढीत ना. शास्त्री मंडळींच्या मुख्य निर्मळाबाई म्हणोन होत्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, त्यांनी एक दिवस पुसले, "भीती वाटते का हो?" बाई म्हणाल्या, "वाटते. लपवता येत नाही." निर्मळाबाई म्हणाल्या, "लपवू नका. ज्यांना वाटत नाही, ते फिरत्या नळाजवळ हात नेतात. मला तुमच्यासारखी माणसं जहाजावर बरी वाटतात." इतके बोलोन त्या गाभ्याकडे वळल्या, आणि बाईंस थोडा धीर आला.

मग रोज तिसऱ्या प्रहरी पडदा उजळावा आणि बाईंनी शिकवावे. गाभा उभा चिरोन दाखवावा, मातीतील राईहून बारीक शिंपले सूक्ष्मदर्शकाखाली धरावे. एके शाळेने पुसावे की जहाजावर न्हाणीघर कोठे, दुसरीने पुसावे की भोक पाडल्याने समुद्राचे पाणी खाली गळोन जाईल काय, आणि बाईंनी सर्वांस नीट सांगावे. तेवीस दिवसांत साठ शाळा जाहल्या. पडद्यापुढे उभ्या असल्या की तेवढा वेळ भय मागे राही. पडदा विझला की पुन्हा येई.

तो कार्तिक शुद्ध नवमीस सकाळी रंग फिरला. समुद्रात दूर दक्षिणेस एक वादळ आठ दिवस घोंघावत होते, आणि दरबारच्या हवामान दप्तराने सांगितले होते की ते पश्चिमेस निघोन जाईल, किनाऱ्यास भय नाही. परंतु नवमीस उजाडता पाताळवेधावरील वायुभारमापकाचा काटा खाली बसला, दोन दिशांनी लाटा येऊ लागल्या, आणि वारा दुपारच्या आत फिरोन नैऋत्येचा जाहला. जहाजाचे सरखेल विश्रामजी तीस वर्षे समुद्रात काढलेले. त्यांनी काटा पाहिला, आभाळ पाहिले, आणि नळ वर घेण्याचा हुकूम दिला. सवा कोस नळ तुकड्या-तुकड्याने वर यावयास चौदा घटका तरी पाहिजेत, आणि वादळ तितका वेळ देईल ऐसे दिसेना. सरखेलांनी दप्तरास तातडीची खबर केली की वादळ पूर्वेस वळले आहे. दप्तराचा जबाब आला की खातरजमा चालली आहे, ती होईतो मजकूर बाहेर फुटू नये, रयतेत घबराट होऊ नये.

त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी नेमकी खारवाडीच्या शाळेची पाळी होती. सरखेलांनी द्वारकाबाईंस बोलावोन सांगितले, "बाई, आज मातीचं शिकवा. हवेचा विषय काढू नका."

बाईंनी पुसले, "वादळ कुठे चाललंय?"

"पूर्वेला."

"पूर्वेला खारवाडी आहे."

सरखेलांनी काट्याकडे एकवार पाहिले. मग म्हणाले, "दप्तर सांगेल त्यांना. संध्याकाळपर्यंत सांगेल. तीन वर्षांमागे मी एक खबर परस्पर दिली होती. वादळ आलं नाही. चाळीस बंदरांच्या बोटी चार दिवस बसून राहिल्या आणि जाब मला द्यावा लागला. पुन्हा ते नको."

"संध्याकाळी सांगितलं तर बोटी पोचतील का?"

"ते मला विचारू नका," ऐसे म्हणोन त्यांनी दुर्बीण उचलली. बाई बाहेर आल्या. गेल्याच पाठात मुलांनी हर्षाने सांगितले होते की चौदा बोटी मोठ्या मासेमारीस निघाल्या, दशमीस रात्री परततील. त्या बोटी किनाऱ्यापासोन तीस कोसांवर असतील, परतावयास सात-आठ तास लागतील, एवढे गणित बाईंस येत होते. खबर सांगितली आणि वादळ आले नाही, तर कोळ्यांचे जाळे रिकामे आणि आपण खोट्या; न सांगितली आणि आले, तर काय, तो विचार त्यांस पुरता करवेना.

पडदा उजळला. शाळेच्या मोठ्या खोलीत साठ मुले दाटीने बसली होती, आणि मागे भिंतीशी बाया उभ्या होत्या, कारण गावच्या बाई समुद्रातून बोलतात हे पाहावयास गावातील माणसे येत असत. बाईंच्या शेजारी यंत्र सांभाळणारा कारकून बसला होता, त्यास सरखेलांची ताकीद होती. बाईंनी गाभा हातात धरिला आणि सांगू लागल्या की हा काळा थर बघा, हा करडा बघा. मग गाभा मेजावर ठेविला. तो रेवती उभी राहिली. दहा वर्षांची पोर, दोन वेण्या, आणि बोलताना वेणीचे टोक ओढण्याची सवय. म्हणाली, "बाई, तुमच्या मागला दिवा एवढा का हलतोय?"

"जहाज हलतंय, म्हणून."

"मागच्या पाठाला हलत नव्हतं. आज कशामुळे हलतंय?"

मागे भिंतीशी हिराबाई उभी होती, ती गर्दीतून पुढे आली, आणि पडद्याजवळ येवोन बाईंच्या तोंडाकडे न पाहता त्या दिव्याकडेच पाहत राहिली. चार हेलकावे पाहिले आणि पुसले, "बाई, वारा कुठचा आहे तिकडे?"

कारकुनाने मान हलविली की सांगू नका. बाईंनी ती पाहिली. मग त्या बोलिल्या, "नैऋत्येचा. सकाळी फिरला. वादळ वळलंय हिराबाई, तुमच्याकडे येतंय. उद्या उजाडायच्या आत पोचेल. बोटी परत बोलवा."

हिराबाई म्हणाली, "खरं? रेडिओवर तर काही नाही."

"मला समुद्रातलं कळत नाही. पण तीस वर्षं समुद्रात काढलेली माणसं इथे भ्यायली आहेत. तेवढं मला कळतं."

कारकुनाने तार उपटली. पडदा काळा होण्यापूर्वी बाईंनी इतके पाहिले की बाया दाराकडे धावल्या, बाके लवंडली, मुले त्यांच्या मागे धावली, आणि रेवती एकटी जागीच उभी राहोन वेणीचे टोक मुठीत धरोन पडद्याकडे पाहत होती.

सरखेलांस कळले तो ते रागाने लाल जाहले. "बाई, हे तुम्ही काय केलंत? कोणाला विचारलंत?" परंतु बाईंनी जबाब देण्याआधीच धोक्याची घंटा वाजू लागली. डावीकडील दोन पंखे एकाएकी थांबले होते. जहाज भोकावरोन सरकू लागले. निम्मा नळ अद्याप पाण्यात लोंबत होता, तो ताणोन मनोरा करकरू लागला, आणि तो आवाज ऐकोन जुने खलाशीही पांढरे पडले. हुकूम जाहला की ज्यांचे काम नाही त्यांनी भोजनगृहात जावोन बसावे. बाई तेथे गेल्या, खांबास धरोन बसल्या. वरती निर्मळाबाई आणि सरखेल यांचे ओरडून बोलणे चालले होते ते कानी येत होते. तळात वीस दिवसांचे भोक होते, नळ सोडोन दिला तर ते गेले, पुढील गाभा गेला. मग निर्मळाबाईंचा आवाज आला, "सोडा. माणसं आहेत खाली. सोडा तो." नळ सुटला. त्या धक्क्याने जहाज ऐसे उडाले की मेजावरील ताटे, पाण्याचे पिंप आणि माणसे एका भिंतीस जावोन आदळली. एका खलाशाचा खांदा निखळला. पाताळवेध मोकळे होऊन वादळाकडे पाठ करोन पळू लागले.

पुढील वादळाचे वर्णन काय लिहावे. दुसरे दिवशी मध्यान्हापर्यंत जहाज एका कुशीवरोन दुसऱ्या कुशीवर पडत राहिले. खिडकीत कधी आभाळ दिसे, कधी हिरवे पाणी, आणि पाणी दिसे तेव्हा बाई डोळे मिटत. परंतु निर्मळाबाईंस त्यांनी पुढे जे सांगितले ते लिहिण्याजोगे आहे. त्या म्हणाल्या की त्या सगळ्या वेळात मी देवास एकच मागत होते, की माझे बोलणे खोटे ठरो. वादळ पश्चिमेस जावो, उद्या सगळ्या बंदराने मला शिव्या द्याव्या, नोकरी जावो, हसे होवो, चालेल. आणि मी मागत होते, आणि जहाज आणखी मोठे हेलकावे खात होते.

वादळ पुढे गेले. जहाज वाचले. परंतु वाऱ्याने संदेशाचा खांब मोडला होता, सबब तीन दिवस किनाऱ्याचे काही कळेना. हे तीन दिवस बाईंस वादळाहून अवघड गेले. आभाळ स्वच्छ, पाणी निवळ, ऊन पडलेले, आणि बाई कठड्याशी उभ्या राहोन पूर्वेकडे पाहत. आता त्यांस पाण्याचे भय वाटत नव्हते, पाण्यापलीकडील गोष्टीचे वाटत होते. सरखेल येता-जाता दिसत, परंतु बोलत ना.

चौथे दिवशी खांब उभा जाहला आणि खबर आली. ती ऐसी की पाठ तुटताच हिराबाई मच्छीमार सोसायटीच्या बिनतारी यंत्रावर जावोन बसली. जितक्या बोटी टप्प्यात होत्या त्यांस तिने हाक दिली, त्यांनी पुढल्यांस दिली. तांडेल लोकांस प्रथम खरे वाटेना, कारण त्यांच्याकडे तेव्हा समुद्र बराच सौम्य होता. हिराबाई ओरडली, "मी सांगते ना! दिवा बघितलाय मी!" आणि त्यांनी जाळी कापोन तोंडे फिरविली. दप्तराची इतल्ला रात्र बरीच चढल्यावर आली, तोवर तेरा बोटी खाडीत शिरल्या होत्या. चौदावी आली नाही. ती जोमा तांडेलाची, रेवतीच्या बापाची. तिचे बिनतारी यंत्र आदल्या दिवशीच बंद पडले होते. जवळील बोटीने दुरोन कापड हलवोन खुणा केल्या, परंतु जोमास त्या दिसल्या किंवा न दिसल्या कोण सांगणार. सहा माणसांपैकी चार दुसरे दिवशी जाळ्याच्या बोयांस मिठी मारोन तरंगत सापडली. जोमा आणि गणू खलाशी सापडले नाहीत. आपल्या नवऱ्याची बोट हाक ऐकत नाही हे हिराबाईस पहिल्या प्रहरातच कळले होते, आणि तरी ती उरलेल्या बोटी येईतो यंत्रापासोन उठली नाही.

हे ऐकोन द्वारकाबाई खालीच बसल्या. कोणी त्यांस उठविले नाही.

दोन दिवसांनी दप्तराचा खलिता आला की ताकीद असता मजकूर बाहेर कोणी फोडला आणि कोणाच्या हुकुमाने, याचा जबाब पाठवावा. सरखेलांनी बाईंस बोलाविले. बाई गेल्या त्या सगळे कबूल करावयाच्या तयारीने. परंतु जबाब लिहोन तयार होता, आणि त्यात इतकेच होते की हुकूम माझा, विश्रामजी सरखेल. बाईंनी वाचले आणि म्हणाल्या, "हे खरं नाही."

"नाही," सरखेल म्हणाले. "पण खरं असायला हवं होतं. मी त्या दुपारी तिकडच्या होड्या मोजत नव्हतो, माझी उरलेली नोकरीची वर्षं मोजत होतो." त्यांनी शिक्का केला आणि खलिता रवाना केला.

मग पौर्णिमा उलटल्यावर पुन्हा खारवाडीच्या शाळेची पाळी आली. निर्मळाबाई म्हणाल्या, "नको वाटत असेल तर मी घेते पाठ." बाई म्हणाल्या, "नको वाटतंय. मीच घेते." पडदा उजळण्यापूर्वी त्यांस जे भय वाटले तैसे वादळात वाटले नव्हते. जहाजाने दूर जावोन नवे भोक पाडिले होते, नवा गाभा मेजावर होता, अजून पाणी गळत होते. पडदा उजळला. मुले बसली होती. हिराबाई मागे भिंतीशी जमिनीवर बसली होती. रेवती तिसऱ्या ओळीत. बाईंनी नमस्कार केला, मुलांनी केला. तो रेवती उभी राहिली.

"बाई, तुमचा नळ अगदी तळापर्यंत जातो ना?"

"जातो."

"मग बाबा तिथे असतील का?"

खोलीत बाया तोंडास पदर लावू लागल्या. एकीने पोरीस खाली बसविण्यास हात पुढे केला, तो हिराबाईने धरोन मागे ओढला. बाई म्हणाल्या, "रेवती, आमचा नळ वाटीएवढं भोक पाडतो. समुद्र फार मोठा आहे. मला ते दिसले नाहीत. असतील का, ते मला माहीत नाही."

"शोधता येईल?"

"या नळाने माणूस शोधता येत नाही. येईल असं मी सांगितलं तर ते खोटं होईल."

रेवती उभीच राहिली. मग म्हणाली, "तिथे अंधार असतो?"

"असतो."

"थंड असतं?"

"फार थंड असतं."

"लाटा?"

"नाही. लाटा वरच राहतात. वर कितीही मोठं वादळ असलं तरी खाली हलत नाही. एकेक कण वरून येतो आणि हळूच बसतो. अगदी शांत असतं."

पोरीने मागे वळोन आईकडे पाहिले. हिराबाईने डोळे पुसले नाहीत, मानही हलविली नाही, फक्त लेकीकडे पाहिले. रेवती खाली बसली, वही उघडली, आणि म्हणाली, "मग आज काय वर आलंय ते दाखवा."

बाईंनी दोन्ही हातांनी गाभा उचलला आणि पाठ सुरू जाहला.

येणेप्रमाणे वर्तमान घडले. चौदा बोटींपैकी तेरा आल्या. जोमा तांडेल आणि गणू खलाशी समुद्रात राहिले. सरखेल विश्रामजींची बढती थांबली. पुढील वर्षी दरबाराने ठराव केला की जहाजाने वादळाची खबर बंदरांस थेट द्यावी, दप्तराची वाट पाहू नये. द्वारकाबाई सफर पुरी करोन खारवाडीस परतल्या, आणि समुद्रास अद्याप भितात. जितके कळले तितके लिहिले. जे कळले नाही ते लिहिले नाही. वाचणारांचे कल्याण असो.